न्यू जर्सीत घराजवळ अस्वल येतं, तेव्हा काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. एका मराठी कुटुंबाने मॉरिस काउंटीच्या उत्तर टोकाला, रानाला लागून घर घेतलं आहे. या वसंतात दोनदा अस्वल मागच्या अंगणात येऊन गेलं, त्यातल्या एका वेळी कचऱ्याचा डबा उलटा करून गेलं. घरात सहा आणि नऊ वर्षांची मुलं आहेत. पुढच्या महिन्यात आईवडील पुण्याहून सहा महिन्यांसाठी येताहेत आणि दोघांनाही पहाटे फिरायची सवय आहे. शनिवार-रविवारी सगळे मिळून ट्रेकला जातात. त्यांनी विचारलंय की अस्वलं एवढी वाढली कशी, धोका खरोखर किती, आणि शेजारी म्हणतात तसं सरकारला सांगून हे अस्वल लांबच्या जंगलात नेऊन सोडता येईल का.

मी वन्यजीव अभ्यासक आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागात काळी अस्वलं आणि माणसं यांच्यातल्या तंट्यांवर बरीच वर्षं काम करतो आहे. उत्तर लांब होणार आहे, कारण या विषयात अर्धवट माहितीनेच जास्त नुकसान होतं.

आधी आज संध्याकाळीच करायचं काम सांगतो. पक्ष्यांसाठी टांगलेला बर्ड फीडर असेल तर तो काढा. सूर्यफुलाच्या काळ्या बियांनी भरलेल्या मोठ्या फीडरमध्ये तीन किलोच्या आसपास दाणे मावतात, म्हणजे जवळजवळ १२,००० कॅलरी. रानात एवढ्या कॅलरी मिळवायला अस्वलाला दिवसभर मुंग्यांची वारुळं उकरावी लागतात, बेरीची झुडपं पालथी घालावी लागतात. तुमच्याकडे त्या दहा मिनिटांत, उभ्या उभ्या मिळतात. डिसेंबर ते मार्च, अस्वलं झोपलेली असताना, फीडर लावायला हरकत नाही. बाकीचे महिने पक्ष्यांसाठी पाणी ठेवा, फुलझाडं लावा, पण दाणे नकोत.

माझ्या कामात एक गोष्ट नेहमी करावी लागते: अस्वलाची विष्ठा काडीने उकलून बघायची. एप्रिल-मेमध्ये तिच्यात गवत आणि दलदलीतल्या स्कंक कॅबेजचे तंतू असतात. जुलैत ती जांभळी पडते, ब्लूबेरी आणि रानचेरीच्या बियांनी भरलेली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ओकच्या फळांची फोडलेली टरफलं. आणि वस्तीजवळ सापडलेल्या विष्ठेत सूर्यफुलाची टरफलं, चॉकलेटच्या चांद्या, चीजचं प्लॅस्टिक, कधी कधी अख्खी डिशवॉशरची गोळी ज्यात असते ती पिशवी. कोणत्या गल्लीतलं अस्वल कशावर जगतंय हे त्या ढिगावरून कळतं. तुमच्याकडे अंगणात असा ढीग सापडला तर हातमोजे घालून एकदा बघाच. फोनवरून तुम्हाला कोणीही सांगू शकणार नाही इतकं त्यातून समजेल.

कचरा आदल्या रात्री रस्त्याच्या कडेला ठेवू नका. गाडी सकाळी सातला येत असेल तर साडेसहाला ठेवा. आठवडाभर डबा गॅरेजमध्ये, दार लावून. मासळीची साफ केलेली घाण, मटणाची हाडं, कोळंबीची सालं हे सगळं पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाका आणि कचऱ्याच्या दिवशीच बाहेर काढा. रिकामा डबा धुऊन त्यात अमोनियाने भिजवलेलं फडकं ठेवा. खटक्याच्या झाकणाचा, अस्वलाला न उघडणारा डबा मिळतो, तो महाग वाटला तरी घ्या.

आता आपल्या घरांबद्दल थोडं मोकळेपणाने बोलतो. भारतीय घरांमध्ये गॅरेजमध्ये दुसरा फ्रीज असतो. त्यात आंब्याच्या पल्पचे डबे, दुधाचे गॅलन, पार्टीचं उरलेलं जेवण. तळण वरच्या स्वयंपाकघरात वास राहू नये म्हणून पुष्कळ जण गॅरेजमध्येच गॅसची शेगडी ठेवतात. आणि दिवसभर गॅरेजचं दार उघडं. अस्वलाचं नाक कुत्र्यापेक्षाही तीक्ष्ण आहे. त्याला ते उघडं दार म्हणजे आमंत्रणच. फ्रीजचं रबर ओढून दार उघडायला त्याला काही क्षण लागतात. मी बघितलेल्या अशा एका फ्रीजचा दरवाजा बिजागरीपासून उचकटलेला होता, आणि आतल्या पांढऱ्या पत्र्यावर चार नख्यांच्या समांतर रेघा इतक्या खोल होत्या की बोट फिरवलं तर बोचत होत्या. माणसं त्या वेळी बाजूच्या खोलीत टीव्ही बघत होती. गॅरेजचं दार खाली ओढलेलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं.

दाराची मूठ दाबून उघडणारी असेल तर अस्वल ती पंजाने सहज दाबतं. गोल फिरवायची मूठ त्याला सहसा जमत नाही. मागच्या दाराला, डेकच्या दाराला मुठी बदलून घ्या. गाडीत किराणा, मुलांच्या टिफिनचे डबे, च्युइंगमसुद्धा ठेवू नका आणि गाडी कायम कुलूपबंद ठेवा. अस्वल गाडीत शिरतं, मागे दार लागतं आणि मग बाहेर पडायच्या धडपडीत आतल्या सगळ्या गाद्या फाडून काढतं.

पितृपक्षाबद्दल मुद्दाम सांगतो. आईवडील सहा महिने राहणार म्हणजे पितृपक्ष इथेच येणार. कावळ्यासाठी पान बाहेर ठेवायची पद्धत माझ्याही घरी आहे. पण तो सगळा काळ सप्टेंबर-ऑक्टोबरचा, म्हणजे नेमका अस्वलांच्या अधाशीपणाचा. हिवाळ्याच्या झोपेआधी चरबी साठवायला ती दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खातात आणि वीस-वीस तास खाण्याच्या मागे असतात. खीर, वडे, भात, तूप घातलेलं वरण असं पान अंगणात ठेवून आत येणं त्या दिवसांत बरोबर नाही. पान ठेवा, शेजारी उभे राहा, कावळा शिवला की उरलेलं लगेच आत आणा. न शिवला तरी आत आणा. आईवडिलांना हे आधीच समजावून सांगा, कारण त्यांच्या दृष्टीने हा श्रद्धेचा विषय आहे आणि ऐनवेळी त्यावरून घरात वाद नको. शिवाय न्यू जर्सीत अस्वलाला खाऊ घालणं कायद्याने बंद आहे आणि दंड १,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो.

ग्रिल वापरल्यावर जाळी तापवून जाळून घ्या आणि तेल साठणारी वाटी रिकामी करा. कंपोस्टमध्ये फळांची सालं, शिजवलेलं अन्न नको, फक्त पालापाचोळा. अंगणात नाशपाती किंवा सफरचंदाचं झाड असेल तर पडलेली फळं रोज उचला. कोंबड्या पाळायचा विचार असेल तर आधी विजेचं कुंपण, मग कोंबड्या. खुराड्याला नुसती जाळी लावलेली अस्वलाला कागदासारखी वाटते. विजेचं कुंपण मात्र खरोखर चालतं, कारण ओलं नाक तारेला लागलं की तो धडा ते विसरत नाही. डेकखालची मोकळी जागा नोव्हेंबरच्या आत बंद करा, नाहीतर कोणीतरी तिथे हिवाळा काढेल.

आता ती वाढली कशी याकडे येतो.

एकोणिसाव्या शतकात इथली बहुतेक जमीन शेतीखाली होती. जंगल तोडलेलं, अस्वल दिसलं की मारलेलं. न्यू जर्सीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अस्वलं शंभराहूनही कमी उरली होती, तीही वायव्येच्या डोंगराळ पट्ट्यात. १९७१ मध्ये शिकार बंद झाली. तोवर डोंगरातली खडकाळ शेती लोकांनी सोडून दिलेली होती आणि तिथे ओकची झाडी परत उभी राहत होती. त्यात एक वेगळीच गोष्ट घडली. डेलावेअर नदीवर टॉक्स बेटाजवळ मोठं धरण बांधायचं म्हणून केंद्र सरकारने १९६०च्या दशकात दोन्ही काठांची गावं, शेतं, घरं ताब्यात घेतली. लोक उठवले, घरं पाडली. विरोध एवढा झाला की धरण कधी बांधलंच गेलं नाही. ती जवळपास ७०,००० एकरांची जमीन आज डेलावेअर वॉटर गॅप राष्ट्रीय क्षेत्र आहे, जिथे तुम्ही माउंट टॅमनी चढायला जाता. विस्थापितांच्या वाट्याला फार कडू अनुभव आला. अस्वलांना मात्र आयतं रान मिळालं. पेन्सिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्कमधून ती येत राहिली आणि इथे स्थिरावली.

त्यांची वीणही चांगली होते. समागम जून-जुलैत, पण गर्भ शरद ऋतूपर्यंत वाढतच नाही. मादीच्या अंगावर पुरेशी चरबी साठली तरच नोव्हेंबरमध्ये तो गर्भाशयात रुजतो, नाहीतर शरीर त्याला सोडून देतं. जानेवारीत पिल्लं होतात, प्रत्येक पाव किलोच्या आसपास, डोळे मिटलेली. मार्चमध्ये आम्ही मादीला भूल देऊन तपासतो तेव्हा पिल्लांना ऊब राहावी म्हणून कोणीतरी ती आपल्या जाकिटाच्या आत धरून उभं राहतं. ती नख्यांनी स्वेटरला घट्ट चिकटतात आणि मधमाश्यांसारखा गुंजारव करत राहतात. न्यू जर्सीत एका वेळी तीन पिल्लं ही सामान्य गोष्ट आहे, पाचही दिसतात. भरपूर ओक, त्यात माणसांचा कचरा, मग चरबी कमी पडायचं कारणच नाही.

उत्तर कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिल शहरात यावर नीट अभ्यास झाला आहे. शहरात वाढलेल्या एक वर्षाच्या माद्यांचं वजन राष्ट्रीय वनातल्या त्याच वयाच्या माद्यांच्या जवळजवळ दुप्पट निघालं. शहरातल्या दोन वर्षांच्या माद्यांपैकी निम्म्याहून जास्त माद्यांना पिल्लं झाली होती, वनातल्या त्या वयाच्या एकाही मादीला नाही. संख्या वाढीचं कोडं इथे सुटतं. आपण नुसतं त्यांच्या रानात घर बांधलेलं नाही, आपण त्यांच्या माद्यांना लवकर आणि जास्त पिल्लं होतील अशी सोय करून दिली आहे. कोलोरॅडोतल्या ड्युरँगोजवळच्या अभ्यासात दिसलं की माणसांचं अन्न खाणारी अस्वलं झोपायला उशिरा जातात, उठतात लवकर. हिवाळ्याचं किमान तापमान एक अंश सेल्सियसने वाढलं की त्यांची झोप साधारण सहा दिवसांनी कमी होते. म्हणजे वर्षातले धोक्याचे दिवसही वाढतात.

आज न्यू जर्सीच्या वायव्य भागात ३,०००च्या आसपास अस्वलं असल्याचा सरकारी अंदाज आहे आणि राज्याच्या सर्व २१ काउंट्यांमध्ये ती दिसलेली आहेत. जूनमध्ये एडिसनसारख्या भरवस्तीत अस्वल शिरल्याची बातमी येते ती बहुधा दीड वर्षाच्या नराची. आई त्या महिन्यात त्याला हाकलते, मोठे नर त्याला टिकू देत नाहीत, आणि तो बिचारा जागा शोधत वाट फुटेल तिकडे चालत सुटतो. अशाला वाट मोकळी ठेवली, गर्दी केली नाही, तर एक-दोन रात्रींत तो आपोआप निघून जातो.

धोका किती, या प्रश्नावर मराठी माणसाशी बोलताना मला एक अडचण नेहमी येते. आपल्या मनातलं अस्वल मेळघाटातलं, ताडोब्यातलं, बुलढाण्यातल्या ज्ञानगंगेतलं असतं. ते वेगळ्या जातीचं. वाघांच्या शेजारी वाढलेलं, अचानक समोर आलात तर आधी अंगावर येणारं. विदर्भात मोहफुलं वेचायला गेलेल्या बायाबापड्यांवर त्याने केलेले हल्ले भयंकर असतात आणि तिथल्या लोकांची भीती पूर्ण खरी आहे. अमेरिकेतलं काळं अस्वल मूळचं झाडावर पळून जीव वाचवणारं जनावर आहे. घाबरलं की बहुतेक वेळा झाड गाठतं किंवा पळ काढतं. पूर्ण वाढलेला नर १८० किलोचा असू शकतो, मादी साधारण ८० किलोची.

उत्तर अमेरिकेत आठ-नऊ लाख काळी अस्वलं आहेत. १९०० ते २००९ या ११० वर्षांत त्यांनी ६३ माणसं मारल्याची नोंद स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आहे, त्यातली बहुतेक कॅनडा आणि अलास्कात. कॅलिफोर्नियात पहिली नोंदलेली घटना २०२३ची, फ्लोरिडात २०२५ची. धोका फार कमी आहे, पण शून्य नाही. या अभ्यासातला जो भाग लोकांना माहीत नसतो तो जास्त महत्त्वाचा आहे. पिल्लांसोबतची मादी सगळ्यात घातक असं सगळे समजतात. प्रत्यक्षात प्राणघातक हल्ल्यांपैकी बहुसंख्य हल्ले एकट्या नरांनी, भक्ष्य म्हणून केलेले होते. आणि दहापैकी नऊ वेळा माणसं एकटी किंवा दोघंच होती. मादी फुसकारते, जमिनीवर पंजा आपटते, दात वाजवते, थोडी अंगावर येऊन थांबते. तिला तुम्ही लांब जायला हवे असता. जे अस्वल आवाज न करता, कान पुढे करून, तुमच्यावर नजर ठेवून मागे मागे येतं, थांबलात तर थांबतं आणि निघालात की पुन्हा चालू लागतं, त्याची खरी काळजी करायची.

सप्टेंबर २०१४ मध्ये वेस्ट मिलफर्डच्या अपशावा राखीव क्षेत्रात असंच घडलं. तुमच्या घरापासून ती जागा फार लांब नाही. पाच तरुण मित्र ट्रेकला गेले होते. पुढे अस्वल आहे, परत फिरा, असं समोरून येणाऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं. ते पुढे गेले, अस्वल दिसलं, फोटो काढले, आणि ते जवळ येऊ लागल्यावर पाचही जण वेगवेगळ्या दिशांना पळाले. त्यातला एक परत आला नाही. न्यू जर्सीतली काळ्या अस्वलाने माणूस मारल्याची ती पहिली नोंद. त्या मुलांना मी दोष देत नाही. त्या वयात कोणीही हेच केलं असतं आणि त्यांना कोणी कधी शिकवलेलंही नव्हतं. पण आपल्या समाजातली मुलं दर आठवड्याला याच डोंगरांत जातात, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं: पळायचं नाही, पांगायचं नाही. पाच माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली, हात वर करून ओरडली, दगड मारले, तर काळं अस्वल जवळजवळ नेहमी माघार घेतं. पळणारं एकटं माणूस मात्र त्याला पाठलाग करण्याजोगं भक्ष्य वाटतं, आणि त्याचा वेग ताशी ३० मैलांच्या घरात असतो. झाडावर चढून उपयोग नाही, ते तुमच्यापेक्षा चपळ चढतं.

मेल्याचं सोंग घेऊन निपचित पडायची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. मुलांना सांगा की ती इथे चालत नाही. काळ्या अस्वलाने खरोखर हल्ला केला तर हाताला लागेल त्या काठीने, दगडाने, बॅगेने त्याच्या तोंडावर, नाकावर, डोळ्यांवर मारत राहायचं. शरण जायचं नाही.

ट्रेलवर जाताना गप्पा मारत चला, वाहत्या पाण्याजवळ आणि दाट वळणांवर आवाज वाढवा. मुलं मध्ये, मोठी माणसं पुढे-मागे. कानात इअरफोन नकोत. दूरवर अस्वल दिसलं आणि त्याने तुम्हाला पाहिलं नसेल तर हळूच मागे फिरा. पाहिलं असेल तर शांत आवाजात बोलत, पाठ न दाखवता, मागे मागे सरका. लहान मुलाला उचलून घ्या. अस्वल दोन पायांवर उभं राहिलं तर घाबरू नका, ते नीट बघायला आणि वास घ्यायला उभं राहतं. कुत्रा नेत असाल तर पट्ट्यावरच. मोकळा सुटलेला कुत्रा अस्वलावर भुंकत धावून जातो आणि मग घाबरून मालकाकडे परत येतो, मागोमाग चिडलेलं अस्वल. पुष्कळ जखमा याच प्रकारात होतात. बेअर स्प्रे (अस्वलाच्या तोंडावर मारायचा मिरचीचा फवारा) प्रभावी आहे. अलास्कातल्या नोंदींत काळ्या अस्वलांवर तो दहापैकी नऊ वेळा चालला. पण त्याचे नियम जागेगणिक वेगळे आहेत (योसेमिटी उद्यानात तर तो बाळगताही येत नाही), म्हणून कुठे जाणार तिथले नियम निघण्याआधी बघा. आणि घेतलात तर बॅगेच्या तळाशी नको, कमरेला हवा.

तंबू टाकून राहणार असाल तर न्यू जर्सीतल्या अपलाचियन ट्रेलवरच्या निवाऱ्यांजवळ लोखंडी पेट्या आहेत, खाणं आणि टूथपेस्टसुद्धा तिथेच. न्यू यॉर्कच्या अ‍ॅडिरॉन्डॅक हाय पीक्सच्या पूर्व भागात एप्रिल ते नोव्हेंबर जाड प्लॅस्टिकचा बंद डबा बाळगणं सक्तीचं आहे. तिथे येलो-येलो नावाची एक मादी होती, दोन्ही कानांत पिवळे बिल्ले म्हणून हे नाव. जेमतेम ५५-६० किलोची आणि स्वभावाने लाजाळू. बेअरव्हॉल्ट कंपनीचा डबा ती दातांनी खटका दाबून फिरवून उघडायला शिकली. कंपनीने दुसरा खटका घातला, तर तिने तोही उघडला. अस्वलाच्या बुद्धीला कमी लेखू नका हे मी लोकांना सांगतो तेव्हा मला तीच आठवते.

आईवडिलांच्या फिरण्याबद्दल. त्यांना पहाटे साडेपाचऐवजी उजाडल्यावर, सातच्या पुढे जायला सांगा. अस्वलं मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडतात. दोघांनी मिळून जावं, हातात काठी आणि गळ्यात शिट्टी असावी. कचऱ्याच्या दिवशी सगळ्या गल्लीचे डबे बाहेर असतात, त्या दिवशी फिरणं थोडं उशिरा. खिशात शेंगदाणे, बिस्किटं नकोत. आणि अस्वल दिसलं तर फोन काढून नातेवाइकांना व्हिडिओ पाठवायचा मोह टाळायचा. हे त्यांना प्रेमाने, पण स्पष्ट सांगा.

घरी अंगणात अस्वल आलं तर सगळ्यांना आत घ्या आणि मग दारातून किंवा खिडकीतून भांडी वाजवा, ओरडा, गाडीचा अलार्म चालू करा. त्याला इथे नकोसं वाटलं पाहिजे. कौतुकाने गप्प उभं राहून बघत बसलात तर ते शिकतं की इथे माणसं काही करत नाहीत. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं आपण म्हणतो ना, अस्वलाच्या बाबतीत ते अगदी तंतोतंत लागू आहे. एक डबा गेल्याचं काही नाही, सोकावलेलं अस्वल मात्र पुढच्या वर्षी दार फोडतं.

आता शेजाऱ्यांच्या सूचनेबद्दल. उचलून दूर सोडल्याने काम होत नाही. मोठं अस्वल शंभर किलोमीटरवरूनही परत येतं, वाटेत महामार्ग ओलांडताना मरतं, किंवा नव्या गावात जाऊन तेच उद्योग करतं. न्यू जर्सीत सोडण्यासारखं रिकामं रान उरलेलंही नाही. राज्याचे लोक अस्वलाची वागणूक तीन प्रकारांत मोडतात. नुसतं ये-जा करणारं असेल तर सल्ला देतात. उपद्रवी असेल तर पकडून, रबरी गोळ्या आणि फटाक्यांनी घाबरवून सोडतात. घरात घुसलेलं किंवा माणसावर चालून आलेलं असेल तर मारतात. तुमचं अस्वल आज डब्यापुरतं आहे. ते या शेवटच्या प्रकारात जाऊ नये ही इच्छा असेल तर पुढचे दोन महिने महत्त्वाचे आहेत.

शिकारीचा विषय काढल्याशिवाय हे उत्तर पूर्ण होणार नाही. न्यू जर्सीत २००३ मध्ये शिकार पुन्हा सुरू झाली, मधे काही वर्षं थांबली, २०१० पासून दहा-अकरा वर्षं चालली, २०२१ मध्ये बंद होती आणि डिसेंबर २०२२ पासून परत चालू आहे. आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना ही कल्पनाच सहन होत नाही आणि मला ते समजतं. पण ज्या रानात अस्वलांना मारणारं दुसरं काही नाही तिथे नियमात बांधलेली शिकार हा संख्या आवरायचा उपाय आहे, असं माझं मत आहे. तिचे कैवारी सांगतात तसा तो कचऱ्याच्या तंट्यावरचा उपाय मात्र नाही. शिकारी रानात जातो. तुमच्या गल्लीत सोकावलेली मादी बहुतेक वेळा त्याच्या वाटेलाच येत नाही.

गल्लीतला तंटा गल्लीतच मिटतो, आणि तो एकट्याने मिटत नाही. ड्युरँगोमध्ये शहराच्या काही भागांत हजारभर घरांना अस्वलाला न उघडणारे डबे फुकट दिले आणि काही भाग तसेच ठेवले. डबे दिलेल्या भागांत कचऱ्याचे तंटे ६० टक्क्यांनी कमी झाले. बहुसंख्य घरांनी डबा नीट बंद केला तेव्हाच हा फरक दिसला. म्हणजे तुम्ही कितीही काटेकोर राहिलात आणि समोरच्यांचा फीडर बाराही महिने भरलेला असेल तर अस्वल येतच राहणार. म्हणून शेजाऱ्यांना अस्वल हलवायचा अर्ज करू द्या, तुम्ही टाउन कौन्सिलच्या बैठकीत वेगळी मागणी घेऊन जा: कचरा सकाळीच बाहेर ठेवायचा नियम, आणि कचरा उचलणाऱ्या कंत्राटदाराने खटक्याचे डबे देणं. अंगणातल्या उलट्या डब्याचा फोटो घेऊन जा, तारीख टाकून. अशा बैठकींत आपले लोक फार कमी दिसतात.

आणि प्रत्येक घटना राज्याच्या पर्यावरण खात्याला ८७७-९२७-६३३७ या क्रमांकावर कळवा, डबा उलटवल्याचीसुद्धा. अस्वलावर कारवाई व्हावी म्हणून नव्हे, तर गल्लीतल्या नोंदी जमल्या की कोणत्या घरांपासून सुरुवात झाली हे आम्हाला नकाशावर दिसतं. कळवताना वेळ, त्याने काय खाल्लं, हाकलल्यावर ते पळालं की थांबलं, आणि कानात बिल्ला असेल तर त्याचा रंग आणि दिसलाच तर आकडा, एवढं सांगितलं की पुरे.